व्हर्जिनियाचा तंबाखू: पीक खपत होतं, तरी मळेवाला कर्जात कुठे अडकायचा?

नदीकाठ (प्रश्न)

अमेरिकन क्रांतीबद्दल वाचताना बॉस्टनचा चहा आणि स्टँप कायदा (कागदपत्रांवरचा ब्रिटिश कर, १७६५) यांवर भरपूर मिळतं. व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीतल्या मळेवाल्यांच्या कर्जाचा विषय मात्र एका वाक्यात उरकलेला असतो. शेकडो एकर जमीन, राबायला गुलाम, मालाला युरोपभर मागणी, आणि तरी ही माणसं लंडन-ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची देणेकरी. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. एका माणसाच्या हातून किती पीक निघायचं आणि ते कुठे बिघडायचं? १७३० च्या तपासणी कायद्याने मळेवाल्याचं भलं झालं की नुकसान? आणि भाव कोण ठरवायचं? आकड्यांसकट सांगितलंत तर फार बरं होईल.

काळीमाती

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. वजनाच्या पौंडाला (सुमारे ४५० ग्रॅम) रतल म्हणतो, म्हणजे पौंड या चलनाशी घोळ होणार नाही. चलनात १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड.

व्हर्जिनियातली इंग्रजांची वस्ती जेम्सटाउन १६०७ मध्ये वसली. तिथल्या मूळच्या पाउहॅटन लोकांचा तंबाखू वेगळ्या जातीचा, उग्र, इंग्लंडात न खपणारा. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने स्पॅनिश मुलखाकडचं सौम्य जातीचं बी लावलं, आणि १६१७ मध्ये सुमारे २०,००० रतल माल इंग्लंडला गेला. १६१९ मध्ये उत्तम प्रतीचा दर रतलाला ३ शिलिंग बांधलेला होता. १६३० च्या आसपास तो पेनीपर्यंत घसरला. पुढची सगळी कहाणी या घसरलेल्या भावावर उभी आहे.

आता हंगाम. बी इतकं बारीक की राखेत मिसळूनच फेकावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाट पडतं. जानेवारी ते मार्च या काळात जंगलातली मऊ जागा निवडून तिच्यावर काटक्या-फांद्या जाळायच्या (तणाचं बी मरतं, राख मिळते), मग वाफा करून पेरायचं आणि थंडीपासून वाचवायला वर फांद्या पसरायच्या. मे-जूनमध्ये पाऊस पडून माती ओली झाली की रोपं उपटून, कुदळीने केलेल्या मातीच्या उंचवट्यांवर ३ ते ४ फुटांवर लावायची. पाऊस लांबला तर रोपं वाफ्यातच उंच होऊन वाया जातात, म्हणून जाणता मळेवाला तीन-चार ठिकाणी वाफे टाकून ठेवायचा.

लावणीनंतर खुरपणी चालूच. साधारण ८ ते १२ पानं धरून शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की झाड प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट काढतं. ती दर आठवड्याला मोडली नाही तर सगळा कस तिकडे जातो आणि पान पातळ राहतं. शिंगवाली हिरवी अळी हाताने वेचून मारायची, दुसरा उपाय नव्हता. निपाणीकडच्या शेतकऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

खरी परीक्षा कापणीनंतर. ऑगस्ट-सप्टेंबरात झाड बुंध्याशी कापून उन्हात मलूल करायचं आणि मग कोठारात काठ्यांवर उलटं टांगायचं, ४ ते ६ आठवडे. दाट टांगलं आणि हवा दमट असली तर पान टांगल्याजागी कुजतं. वाळल्यावर लगेच हात लावला तर चुरा होतो, म्हणून पावसाळी हवेची वाट बघायची. पान थोडं सादळून चामड्यासारखं लवचीक झालं की तेवढ्या दिवसांतच उतरवायचं, देठावरून खुडायचं, जुड्या बांधायच्या आणि पिंपात दाबायचं. जास्त ओलं भरलं तर जहाजावर बुरशी, जास्त कोरडं भरलं तर दाबताना भुगा. हे ओळखणं सगळं हातातल्या स्पर्शावर होतं, आणि चूक झाली हे कळायचं थेट लंडनमध्ये, पिंप उघडल्यावर.

एका राबणाऱ्या माणसामागे दोन-तीन एकर, ६ ते १० हजार रोपं, आणि अठराव्या शतकात साधारण १,००० रतल माल. म्हणजे एका माणसामागे वर्षाला जेमतेम एक पिंप. जमीन तीन-चार पिकांत थकायची आणि मग ती वीसेक वर्षं पडीक ठेवावी लागायची. म्हणून ‘शेकडो एकर’ या आकड्याने फसू नका. त्यातले एका वेळी तंबाखूखाली थोडेच असायचे.

पिंपशिक्का

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मोठ्याचं भलं, लहानाला आधी फटका.

१७३० च्या आधी पिंपात वर चांगलं पान आणि आत देठ, कचरा, कधी वाळूसुद्धा भरली जायची. गव्हर्नर विल्यम गूच याच्या कायद्याने नद्यांकाठी सरकारी वखारी ठेवल्या. निर्यातीचं प्रत्येक पिंप तिथे यायचं. निरीक्षक ते फोडून आतला माल बघायचे, खराब माल जाळायचे, चांगला परत भरून वजन करायचे आणि लाकडावर वखारीचं नाव, पिंपाचं वजन व मालाचं निव्वळ वजन डागायचे. मालकाला त्याची पावती मिळायची. लहान शेतकऱ्याचं वर्षाचं पीक चार-पाचशे रतल असेल, तर त्यातला जाळला गेलेला भाग त्याच्या घरखर्चातून जायचा. १७३२ मध्ये काही वखारी जाळल्या गेल्या त्या या रागातून. पण व्हर्जिनियाच्या मालाचं नाव सुधारलं, आणि १७४७ मध्ये शेजारच्या मेरीलँड वसाहतीनेही तसाच कायदा केला.

त्या पावत्याच पुढे पैशासारख्या फिरू लागल्या. कर आणि देणी त्यांत फेडता यायची, कारण वसाहतीत नाणं फारच कमी होतं. सरकारी चर्चच्या पाद्र्याचा वर्षाचा पगारसुद्धा १६,००० रतल तंबाखू असा ठरलेला होता.

नदीकाठ

पगार तंबाखूत ठरलेला, तर भाव वाढला की पाद्र्याची चैन आणि देणाऱ्याचं मरण, असंच ना?

पिंपशिक्का

नेमकं तेच झालं. १७५८ मध्ये पीक बुडालं आणि भाव रतलाला ६ पेनीच्या आसपास चढला. व्हर्जिनियाच्या विधानसभेने कायदा केला की तंबाखूतली देणी वर्षभर रतलाला २ पेनी या दराने रोख फेडावीत. १६,००० रतलांचे ६ पेनीने ४०० पौंड होतात, २ पेनीने १३३ पौंड आणि थोडे शिलिंग. पाद्री लंडनला गेले आणि १७५९ मध्ये राजाने कायदा रद्द ठरवला. मग जेम्स मॉरी या पाद्र्याने थकबाकीचा दावा लावला. १७६३ च्या डिसेंबरात हॅनोवर काउंटीत तरुण वकील पॅट्रिक हेन्रीने ज्यूरीपुढे सांगितलं की प्रजेच्या हिताचा कायदा रद्द करणारा राजा आज्ञापालनाचा हक्क गमावतो. ज्यूरीने भरपाई दिली एक पेनी. स्टँप कायद्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

अडत_हिशोब

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. भाव लंडन ठरवायचं, आणि मळेवाल्याला तो सगळ्यात शेवटी कळायचा.

१६६० च्या नौकानयन कायद्यापासून वसाहतीचा तंबाखू इंग्लंड किंवा इंग्रजी वसाहतींतच नेता यायचा. मोठा मळेवाला माल विकत नसे. तो लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा आणि विक्री होईपर्यंत माल मळेवाल्याचाच राहायचा. जोखीमही त्याचीच. जहाजाचं भाडं पिंपावर होतं, चार पिंपं म्हणजे एक टन, मग वजन काहीही असो. म्हणून पिंपात जमेल तेवढं ठासायचे आणि त्या नादात पान खराब व्हायचं. आयात कर १६८५ नंतर रतलाला ५ पेनीच्या घरात होता. माल पुढे युरोपात गेला तर तो कर बहुतांशी परत मिळायचा. त्याखेरीज भाडं, विमा, गोदी, गोदाम आणि साधारण अडीच टक्के दलाली, तीही करासकट ढोबळ किमतीवर! शेवटी रतलामागे एक-दोन पेनी हाती पडायच्या.

आता कालक्रम बघा. जानेवारीत पेरलेलं पीक पुढच्या वसंतात पिंपात, उन्हाळ्यात जहाजावर, आणि विक्रीचा हिशोब त्याच्याही नंतर. तोवर दुसरं पीक शेतात उभं आहे आणि कापड, अवजारं, खुर्च्या, घोडागाडी हे सगळं त्याच अडत्याकडून उचल म्हणून आलेलं आहे. खरेदीचा दरही तोच लावणार. आपल्याकडच्या अडत-उचल पद्धतीशी परिचय असणाऱ्याला वेगळं समजावायला नको.

लहान शेतकऱ्यासाठी ग्लासगोच्या कंपन्यांनी आतल्या मुलखात दुकानं काढली होती. माल तिथेच विकत घ्यायचा आणि सामान उधारीवर द्यायचं. १७७२ मध्ये ब्रिटनमध्ये पतपुरवठा कोसळला, सगळ्यांनी एकदम वसुली लावली आणि भावही पडला.

काळीमाती

यात एक मोठी गोष्ट राहिली. ‘एका माणसामागे एक पिंप’ मीच लिहिलं, पण तो माणूस कोण? आधी बहुतेक करारबद्ध इंग्रज नोकर. प्रवासखर्च फेडायला ते चार ते सात वर्षं राबायचे, आणि त्यांना आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळायची. १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक आणून विकले गेले. १६६२ च्या कायद्याने मूल गुलाम की मुक्त हे आईवरून ठरू लागलं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून शेतातलं काम मुख्यतः गुलामांच्या माथी आलं.

कर्जाशी त्याचा थेट संबंध आहे. १७३२ च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतीतली जमीन आणि गुलाम दोन्ही कर्जवसुलीस पात्र ठरले. त्यामुळे अडत्या निर्धास्तपणे उधार देऊ लागला, मळेवाला त्या उधारीवर आणखी माणसं विकत घेऊ लागला, आणि देणं थकलं की त्या माणसांची कुटुंबं तोडून विक्री व्हायची. मळेवाल्याच्या कर्जाची खरी किंमत त्यांनी मोजली. हा मुद्दा तळटीप म्हणून ठेवू नये.

अडत_हिशोब

अगदी बरोबर, हे मी आधी लिहायला हवं होतं.

शेवटचा धागा: जॉर्ज वॉशिंग्टनचा माल लंडनच्या रॉबर्ट कॅरी कंपनीकडे जायचा. भावाला आणि हिशोबाला कंटाळून १७६० च्या दशकाच्या मध्यावर त्याने माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर तंबाखू सोडून गहू धरला, कारण गहू घराजवळ दळून विकता येत होता. बाकीच्यांना ते इतकं सहज जमलं नाही. १७७४ मध्ये न्यायालयीन शुल्काच्या कायद्याची मुदत संपली, शुल्क आकारता येईना आणि व्हर्जिनियाच्या काउंटी न्यायालयांत कर्जाचे दावे थांबले. सप्टेंबर १७७५ पासून निर्यातही बंद झाली. देणी मात्र मिटली नाहीत. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहाच्या चौथ्या कलमात ती कायम राहिली, आणि १८०२ मध्ये अमेरिकन सरकारने ब्रिटनला ६,००,००० पौंड देण्याचं कबूल केलं तेव्हा तो विषय मिटला.