मदत हवी आहे: कोरियन शिंपलेकामाच्या कपाटाची दुरुस्ती

नमस्कार मंडळी. आम्ही सोलमध्ये राहतो. घरमालकीण आजींनी घर बदलताना त्यांचं जुनं ‘जागेजांग’ आम्हाला देऊन टाकलं. काळंभोर रोगण, त्यावर शिंपल्याचे क्रौंच आणि पाइनची झाडं. १९७०-८०च्या दशकांत इथे असं कपाट घरात असणं मोठेपणाचं होतं. आता फ्लॅटमध्ये कोणाला नको असतं.

अडचण अशी की हिवाळ्यात ओंडोलमुळे (जमिनीखालून घर तापवतात ते) हवा कोरडी पडते आणि दाराच्या कडेचे तुकडे सुटायला लागलेत. पारंपरिक कामात ते सरसाने चिकटवतात म्हणे. बाजारातलं झटपट गोंद लावावं का? मला तरी धीर होत नाही.

दुसरं, रोगण अस्सल ‘ओत्छिल’ (झाडाच्या चिकापासून बनवतात ते) आहे की काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेलं स्वस्त ‘काश्यू’, हे घरी कसं ओळखायचं? (कोकणातल्या माणसाला इथेही काजू भेटलाच!) ओत्छिलचा कच्चा चीक बिब्ब्यासारखा उततो, म्हणून कारागिराकडे न्यायच्या आधी विचारतोय.

दक्षिण किनाऱ्यावरच्या थोंगयंग शहराला या कामाची जुनी परंपरा आहे, पण एवढं धूड तिथवर न्यायचं कसं? सोलच्या आसपास कोणी दुरुस्ती करून घेतली असेल तर अंदाजे खर्चही सांगा.