मदत हवी आहे: स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल पारखायची कशी?

नमस्कार मंडळी. टेक्सासात राहतो, हरणाच्या सीझनसाठी पहिली .308 कॅलिबरची रायफल घ्यायची आहे. बजेट 600 डॉलर, म्हणजे महागडी टिक्का कंपनीची रायफल बाद. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस. काल दुकानात तिसऱ्याच कंपनीची एक (नाव नको) रिकामी असल्याची खात्री करून हाताळली. बॅरल (नळी) आणि प्लॅस्टिकचा स्टॉक (दस्ता) यांच्यात मोकळी जागा आहे का पाहायला मधून डॉलरची नोट सरकवली, तर पुढच्या टोकाशी अडकली. स्टॉक जरा दाबला की सरळ बॅरलला टेकतो! बोल्ट (काडतूस भरायला हाताने मागे-पुढे करायचा दांडा) पूर्ण मागे ओढला की खुळखुळतो, पण तेवढं चालतंच ना? मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) कडेला मोल्डिंगची बोटाला लागणारी रेघ. दिसण्याचं सोडा, यातलं नेमाला खरंच काय बाधतं? आणि रुगरचा 70 अंशांत उघडणारा बोल्ट मोठ्या स्कोपखाली (नेमाच्या दुर्बिणीखाली) सोयीचा पडतो का? वापरणाऱ्यांनी सांगा.