चुकीची ठरलेली अणुप्रारूपं मुलांकडून पाठ का करून घ्यायची?

उंबरठा (धागाकर्ता)

परवा आठवीतल्या लेकीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो. धडा अणूचा. डाल्टन आला, गेला. थॉमसन आला, गेला. रुदरफर्ड आला, तोही गेला. शेवटी बोर आला आणि पानं संपली. प्रत्येकाखाली 'त्रुटी लिहा', गुण दोन. लेक म्हणाली, "बाबा, सगळेच चुकले, मग बरोबर कोण?" मी ठोकून दिलं, बोर. शेजारी बारावी सायन्सवाला भाचा मोबाईल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, तोपण चूक. अकरावीत ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन बहुधा सापडतो तो भाग, आलं की सांगतात, आधीचं विसरा."

विसरायचंच असेल तर शिकवायचं कशाला? भूगोलात आपण आधी पृथ्वी सपाट आहे म्हणून चार पानं शिकवतो का? सरळ सांगा: मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉनांचा ढग, आणि त्या इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जाच घेता येतात. विषय संपला. ज्याला इतिहासात रस आहे त्याने तो सुट्टीत वाचावा.

खडूची धूळ

एकतीस वर्षं हा धडा शिकवला, म्हणून राहवत नाही. तुमची तक्रार प्रश्नपत्रिकेबद्दल आहे, राग काढताय रुदरफर्डवर.

१९०९ सालचं मँचेस्टर डोळ्यांसमोर आणा. खोलीत गुडूप अंधार. गायगर आणि मार्स्डेन आधी नुसतेच बसून राहायचे, कारण डोळे अंधाराला सरावल्याशिवाय झिंक सल्फाइडच्या पडद्यावरची ठिणगी दिसतच नाही. मग सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिणगी मोजायची. मार्स्डेन अवघा वीस वर्षांचा, अजून पदवीसुद्धा हातात नाही. रुदरफर्डने सांगितलं, धातूच्या पत्र्यावर आपटून मागे फिरणारा एखादा अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा धनप्रभारित कण) दिसतो का बघ. दिसेल अशी त्यालाही फारशी आशा नव्हती. दिसला! साधारण आठ हजारांत एक.

त्या एका कणाचं मोल थॉमसनचं प्रारूप ठाऊक असल्याशिवाय कसं कळणार? धनप्रभार अणूभर पसरलेला असेल तर अल्फा कण जेमतेम अंशभर वळायला हवा. तो उलटा फिरला, म्हणजे प्रभार कुठेतरी एका टिंबात कोंबलेला आहे. हे टिंब अणूच्या आकाराच्या दहा हजारांश ते लाखांश एवढंच. मुलाला आधी लाडू दाखवला नाही, तर त्यात बोर निघाली हे आश्चर्य त्याला वाटेल कसं? (बोर म्हणजे फळ. शास्त्रज्ञ नव्हे.)

मधली सुट्टी

सर, तुम्ही शिकवलं असतं तर मीही इंजिनियर झालो असतो. आमच्याकडे सगळे मुद्दे फळ्यावर, वहीत, पेपरात आणि मग रद्दीत. धागाकर्त्याला +१.

दुर्बीणवाला

दोघांचंही अर्धं पटतं. माझा आक्षेप वेगळाच आहे: आपण शिकवतो तो इतिहासही खरा नाही.

थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि १९०४ मध्ये प्रारूप मांडलं. त्यात इलेक्ट्रॉन बेदाण्यांसारखे रुतून बसलेले नाहीत, कड्यांमध्ये फिरताहेत. किती इलेक्ट्रॉनांचं कडं स्थिर राहतं याचं त्याने चिक्कार गणित केलं, कारण त्यातून मूलद्रव्यांचे गुणधर्म आवर्ती का असतात हे उलगडेल अशी त्याला आशा होती. 'प्लम पुडिंग' (बेदाणे घातलेला गोड पदार्थ) हे प्रारूपाचं नाव इतरांनी चिकटवलं. त्याच वर्षी जपानमध्ये नागाओकाने शनी आणि त्याच्या कड्यांसारखा अणू सुचवला होता. रुदरफर्डच्या १९११ च्या लेखात नागाओकाचा उल्लेख आहे, आमच्या पुस्तकात नव्हता. गंमत म्हणजे त्या लेखात मधला प्रभार धन की ऋण हेही रुदरफर्डने ठामपणे सांगितलेलं नाही.

आणि डाल्टन. त्याच्या लेखी पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. त्यामुळे हायड्रोजनच्या अणूचं वजन एक, तर ऑक्सिजनचं सोळाऐवजी सात धरून तो १८०८ मध्ये पुस्तक छापून मोकळा झाला. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्येच वाट दाखवली होती, पण ती रसायनज्ञांच्या गळी उतरायला १८६० ची कार्ल्सरूहची परिषद आणि कॅनिझारोचं टिपण लागलं. पन्नास वर्षं पाण्याच्या सूत्रावर एकमत नाही! शिकवायचं तर हे भांडण शिकवा. 'त्रुटी लिहा' म्हणजे भांडण वगळून नुसता निकाल.

सिंहगडी

नेहमीप्रमाणे कणादांचं नाव कुणी घेतलं नाही. डाल्टनच्या दोन हजार वर्षं आधी परमाणू सांगितला होता आपल्याकडे.

दुर्बीणवाला

घेऊ या की. वैशेषिकांचा, म्हणजे कणादांच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांचा, युक्तिवाद मला फार आवडतो: पदार्थ कितीही वेळा तोडता आला असता तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा, दोघांतही अनंत तुकडे, मग दोघे सारखेच म्हणावे लागले असते. म्हणून कुठेतरी थांबायलाच हवं. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि ते कवडशात तरंगणाऱ्या धुळीएवढं. हे वर्गात जरूर सांगावं.

पण ते परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू या चार जातींचे, आणि त्यांचं वजन कुणी केलं नाही. डाल्टनने अणू तराजूत आणला. ३ ग्रॅम कार्बनला एका वायूत ४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, दुसऱ्यात ८. बरोब्बर दुप्पट, पावणेदोन पट कधीच नाही. का? कारण अर्धा अणू मिळत नाही. कणादांना डाल्टनच्या खुर्चीत बसवलं तर दोघांवरही अन्याय होतो.

सिंहगडी

मोहरीचं माहीत नव्हतं. तरी पुस्तकात दोन ओळी हव्यातच, या मतावर ठाम.

प्रयोगशाळेतली

मी धागाकर्त्यांच्या बाजूने. पाण्यातलं शिसं, तांबं मोजणं हे माझं रोजचं काम. आमच्या यंत्रात प्रत्येक धातूला त्याचाच दिवा लावावा लागतो. शिसं मोजायचं तर शिशाचा दिवा, २८३.३ नॅनोमीटरची रेषा. ज्वालेतले शिशाचे अणू तेवढाच प्रकाश गिळतात, बाकीच्यांना त्याचं काही पडलेलं नसतं. अणूतल्या ऊर्जापातळ्या खऱ्या आहेत हे मी रोज बघते, आणि त्यासाठी थॉमसनचं प्रारूप मला एकदाही आठवावं लागलेलं नाही. नव्या मुली कामाला येतात त्यांना चारही शास्त्रज्ञ सालासकट पाठ असतात. आणि दिवा का बदलायचा असं विचारलं की गप्प.

खडूची धूळ

मॅडम, लाखातली गोष्ट बोललात. पण त्या मुलींना इतिहास जास्त झाला म्हणून त्या गप्प नाहीत. त्यांनी वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, कधी डोळ्यांनी पाहिलाच नाही म्हणून गप्प आहेत. बोर १९१३ मध्ये जिंकला तो हायड्रोजनच्या रेषांवर: ६५६ नॅनोमीटरची लाल, ४८६ ची निळसर हिरवी, ४३४ ची जांभळी. बामरने १८८५ मध्येच त्यांचं सूत्र बसवलं होतं, पण ते का बसतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रॉन कक्षेत फिरत नाही, कबूल. हेलियमपाशी बोर अडकला, तेही कबूल. पण ऊर्जेच्या पायऱ्या त्याच्याच, आणि तुमचं यंत्र त्याच पायऱ्यांवर चालतं.

उंबरठा

एक कबुली देतो. काल लेकीला माझ्या पद्धतीने शिकवायला बसलो. केंद्रक, ढग, झालं. तिने विचारलं, "मध्ये धन, बाहेर ऋण, मग ढग आत ओढला कसा जात नाही?" मी म्हटलं, पुंजयामिकी. ती म्हणाली, "म्हणजे काय?" म्हणजे मला माहीत नाही, असं म्हणावं लागलं.

रात्री वाचत बसलो तर रुदरफर्डची अडचण नेमकी हीच. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारणातून ऊर्जा गमावत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळायला हवा. बोरने कारण न देताच सांगितलं की ठरावीक कक्षांत असं होत नाही. खरं कारण पुढे १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगरच्या मांडणीतून हाती आलं. थोडक्यात, लेक एका प्रश्नात १९११ पर्यंत पोहोचली आणि माझा ढग तिला १९१३ लासुद्धा नेऊ शकला नाही.

तरीही 'त्रुटी लिहा, गुण दोन' हा प्रश्न मला मान्य नाही. त्याऐवजी 'कोणत्या प्रयोगाने हे प्रारूप मोडलं?' असं विचारा, मी धागा मागे घेतो.

खडूची धूळ

धागा राहू द्या. जुनी सीडी आहे का घरात? बुटाच्या खोक्याला एका बाजूला अगदी बारीक फट पाडा, समोरच्या बाजूला आत सीडी तिरकी लावा, वर डोळ्यापुरतं भोक. सूर्याकडे चुकूनही रोखू नका. आधी जुना पिवळा बल्ब बघा, अखंड पट्टा दिसेल. मग सीएफएल बघा. पट्टा तुटतो आणि एक हिरवी रेष ठळक उमटते, ती पाऱ्याची.

उंबरठा

जिन्यात एक सीएफएल अजून जिवंत आहे. खोकं लेकीने माझ्या नव्या बुटांचंच पळवलंय.