सगळी कोर्टं एकाच सिस्टीमवर आली, मग वडिलांचा जुना दावा का दिसत नाही?

खारीगावकर:
नमस्कार. ठाणे जिल्ह्यातल्या एका कोर्टात वडिलांनी १९९८ साली जमिनीच्या हद्दीचा दावा लावला होता. वडील करोनात गेले. त्यांचे वकीलही आता प्रॅक्टिस करत नाहीत. वारस म्हणून आईचं आणि माझं नाव लागल्याचं वकिलांनी फोनवर सांगितलं होतं, तेवढीच माहिती. फाइलवर लाल शाईने ‘रे.मु.नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर), पुढे आकडा आणि १९९८. ई-कोर्ट्सच्या साइटवर तोच नंबर, तेच साल टाकलं तर रेकॉर्ड सापडत नाही. आमचं आडनाव म्हात्रे, ते टाकलं तरी तेच. कोर्टात गेले तर खिडकीवर म्हणाले, सीएनआर नंबर (प्रत्येक केसला सिस्टीममध्ये मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणा. तो मिळत नाही म्हणून तर मी गेले होते!

देशभरातल्या कोर्टांचं सॉफ्टवेअर एक झालं असं वाचते, मग एका जिल्ह्यातला दावा दिसू नये? तारीख चुकली आणि गैरहजेरीत दावा काढून टाकला तर, या धास्तीने आईला झोप नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

निवृत्त_शिरस्तेदार:
ताई, आधी आईंना सांगा, साइटवर न दिसणं म्हणजे दावा निकाली निघाला असं नव्हे. माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या कोर्टांत गेली. रजिस्टरवरून कॉम्प्युटरवर सगळं आलं ते आमच्या हातांनी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी जागोजागी वेगळी तऱ्हा होती. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने राष्ट्रीय धोरण आखलं आणि २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्प आला. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने केस इन्फर्मेशन सिस्टीम, आपण सीआयएस म्हणतो ती, तयार केली. तिचा गाभा देशभर एकच ठेवला आणि भोवतीचा भाग प्रत्येक हायकोर्टाला आपल्या नियमांप्रमाणे बेतू दिला. हे योग्यच झालं. आपली दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), आपली निशाणी (फाइलमधल्या कागदाला दिलेला नंबर), आपला रोजनामा (दर तारखेला काय झालं त्याची नोंद) दुसऱ्या राज्यात त्या नावाने नसतो. केसच्या प्रकाराला, निकालाच्या प्रकाराला राष्ट्रीय कोड जोडले, म्हणून तर २०१५ मध्ये खुल्या झालेल्या नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरातल्या केसेसची आकडेवारी देणाऱ्या साइटवर, ठाण्याचे आकडे तमिळनाडूतल्या जिल्ह्याशेजारी ठेवून बघता येतात.

पण सॉफ्टवेअर एक झालं तरी आतली माहिती दावा रजिस्टरवरून आम्हीच भरली. दिवसभर बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी), पक्षकार, नकलांचे अर्ज. जुन्या दाव्यांची एंट्री त्यातून वेळ काढून. रजिस्टर मराठीत, त्यावर खाडाखोड, आणि स्क्रीनवर नाव इंग्रजीत टाकायचं. म्हात्रे लिहिताना एकजण एम-एच-ए ने सुरुवात करी, शेजारचा एम-ए-एच ने. दोघेही मन लावून काम करणारे होते. स्पेलिंग कसं करायचं हे कोणी ठरवूनच दिलं नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या एकत्रीकरणात राहून गेलेली मोठी गोष्ट ती हीच.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग झाला असावा. नवीन कोर्ट सुरू झालं की त्या हद्दीतले दावे तिकडे जातात, नवा नंबर पडतो, कधी सालही बदलतं. मग १९९८ टाकून काही मिळणार नाही. वारस लावल्याच्या हुकुमाची नकल असेल तर तिच्यावर कोर्टाचं नाव आणि नंबर बघा. साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधायला तीन अक्षरं पुरतात, तेवढीच टाका. दोन्ही स्पेलिंगं करून बघा, प्रलंबित आणि निकाली दोन्ही निवडा, प्रतिवादीच्या नावानेही शोधा. सीएनआर सोळा अक्षरांचा असतो: आपल्याकडे सुरुवात एमएचटीएच, मग कोर्टाचा कोड, सहा आकडी अनुक्रमांक, शेवटी साल. एकदा मिळाला की फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बेलापूरची_वकील:
काकांनी सगळं नीट सांगितलंय. कोर्टात ई-सेवा केंद्र असेल तर तिथेही शोधून देतात, खिडकीवर परत जाऊ नका.

एक विचारते: याच जमिनीच्या फेरफारावर प्रांताकडे अपील चालू आहे का? असेल तर ते ई-कोर्ट्सवर दिसणार नाही, महसुली कोर्टं या सिस्टीममध्ये नाहीत. माझ्या एका पक्षकाराची चेक बाऊन्सची केस ई-कोर्ट्सवर, विम्याची तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृतीवर आणि फ्लॅटची महारेराच्या पोर्टलवर. माणूस एकच, लॉगिन वेगवेगळी, तारखांचे मेसेज वेगवेगळे. त्याच्या लेखी हे सगळं ‘कोर्ट’च आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७२१० कोटी मंजूर झाले, त्यातले दोन हजार कोटींहून जास्त जुन्या रेकॉर्डच्या स्कॅनिंगसाठी आणि जतनासाठी. मला मनापासून वाटतं, पान स्कॅनरखाली जाण्याआधी नाव, जुना नंबर, नवा नंबर जुळवून घ्यावेत. चुकीच्या नोंदीला जोडलेलं पान पुन्हा शोधायचं म्हणजे रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यापेक्षा अवघड.

खारीगावकर:
काका, ताई, सापडला! जुन्या वकिलांकडून हुकुमाची नकल मिळाली. वर दुसऱ्याच कोर्टाचं नाव होतं. ते संकुल निवडलं, नकलेवरच्या नव्या नंबराचं साल आणि एम-ए-एच टाकलं, आणि वडिलांचं नाव समोर आलं. आईने मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचलं. टप्पा ‘पुरावा’, तारीख पुढच्या महिन्यात. प्रांताकडे काही नाही. पण वादी म्हणून अजून एकटे वडीलच दिसतात, आम्ही दोघी नाही. हे कसं दुरुस्त करायचं?

निवृत्त_शिरस्तेदार:
फार बरं वाटलं. आता नवीन वकील लावा आणि मूळ फाइल बघायला सांगा. प्रमाण मानायची ती फाइल आणि तिच्यातला रोजनामा, स्क्रीन नव्हे. हुकुमाप्रमाणे दाव्यात वारसांची नावं घालून दुरुस्ती झाली आहे का, हे आधी बघायचं. ती राहिली असेल तर नुसती स्क्रीन बदलून उपयोग नाही, उशीर माफ करून दुरुस्तीची परवानगी मागावी लागेल. झाली असेल तर हुकुमाची नकल जोडून नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज त्याच कोर्टात द्या. अर्जात दोघींची नावं मराठीत आणि इंग्रजीत, आधार कार्डावर आहेत तशीच लिहा. वडिलांच्या स्पेलिंगचंही त्याच अर्जात घ्या. वकालतनामा तारखेची वाट न बघता दाखल करा, आणि आदल्या संध्याकाळी ॲपवर बोर्ड बघायला विसरू नका.