आरएनेज ए रिफोल्ड होत नाही, जीएसएच–जीएसएसजीचं प्रमाण चुकतंय का?

बफरवाला: आरएनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम), १ मिग्रॅ/मिली, ८ मोलर युरिया आणि १० मिलिमोलर डीटीटीमध्ये (प्रथिनातले डायसल्फाइड म्हणजे गंधक–गंधक बंध तोडणारं रसायन) पूर्ण उलगडलं. मग २० पट पातळ करून सरळ रिफोल्डिंग (परत घडी घालण्याच्या) बफरात सोडलं: पीएच ८.०, जीएसएच (क्षपित म्हणजे रिड्यूस्ड ग्लुटाथायोन) ५ आणि जीएसएसजी (त्याचं ऑक्सिडाइज्ड रूप) ०.५ मिलिमोलर. रात्रभर ठेवूनही अ‍ॅक्टिव्हिटी शून्य. आणि पेशीत एवढं जीएसएच असताना डायसल्फाइड बंध जुळतात तरी कसे?

थायोल_१०५: प्रमाण ठीक आहे, घोळ डीटीटीचा आहे. १० भागिले २० म्हणजे ०.५ मिलिमोलर डीटीटी बफरात आलं. ते जीएसएसजीला एकास एक खातं, म्हणजे तुमचं सगळं जीएसएसजी संपलं. उरलं ६ मिलिमोलर जीएसएच. बंध जुळवायला ऑक्सिडंटच नाही!

आधी जी-२५ कॉलमवर (लहान रेणू वेगळे करणारा) ०.१ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये डीटीटी काढा. आम्लात थायोल (सिस्टीन या अमिनो आम्लाचे –SH गट) प्रोटॉन धरून बसतात, त्यामुळे वाटेत भलत्या जोड्या जमत नाहीत. मात्र वैतागून जीएसएच वगळू नका. ८ सिस्टीनच्या ४ जोड्या १०५ प्रकारे लागतात, बरोबर एकच. चुकलेली जोडी सोडवायला मोकळा थायोल लागतोच.

ईआर_कट्टा: पेशीचं उत्तर: जागा वेगळी. सायटोसोल (पेशीतला द्रव) फार क्षपित असतो, एंडोप्लाझमिक रेटिक्युलम (ईआर, पेशीतलं प्रथिनं घडवणारं जाळं) त्यामानाने बराच ऑक्सिडीकारक. तिथे पीडीआय हे एन्झाइम घडणाऱ्या प्रथिनाला बंध देतं आणि स्वतः क्षपित होतं. ईआरओ१ हे दुसरं एन्झाइम पीडीआयचे इलेक्ट्रॉन घेऊन एफएडी या सहघटकामार्फत ऑक्सिजनला देतं. दर बंधामागे एक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, पण तोही वाया जात नाही. पेरॉक्सिरेडॉक्सिन ४ हे एन्झाइम तो वापरून आणखी एक बंध जुळवतं.

मला यातला ब्रेक सगळ्यात आवडतो. मानवी ईआरओ१ अल्फात सिस्टीन ९४ आणि १३१ जोडले गेले की एन्झाइम बंद. क्षपित पीडीआय वाढलं की तोच बंध सुटतो आणि काम पुन्हा सुरू. ग्लुटाथायोन दुसऱ्या बाजूने अति-ऑक्सिडीकरण आवरतं.

जेल_लेन: पुढच्या वेळी फक्त अ‍ॅक्टिव्हिटीवर विसंबू नका. ठरावीक वेळी नमुना काढून लगेच २० मिलिमोलर एनईएम (मोकळे थायोल कायमचे बंद करणारं रसायन) घाला, नाहीतर लोडिंग बफरात गरम करतानाही बंध अदलाबदल करत राहतात. मग नॉन-रिड्यूसिंग (बंध न तोडणारं) जेल. जुळलेलं प्रथिन आटोपशीर, म्हणून पुढे पळतं. मर्कॅप्टोइथेनॉलवाला नमुना शेजारच्या लेनमध्ये भरू नका, ते पसरून बंध तोडतं. मध्ये एकदोन लेन रिकाम्या सोडा.