स्नोशू प्रत्येक वेळी लागतातच असे नाही

कॅनडातील ओटावा शहराच्या ग्रीनबेल्टमध्ये, म्हणजे शहराभोवतीच्या राखीव हरित पट्ट्यात, हिवाळी पायपिटीसाठी स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) विकत घ्यावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते पहिल्या हिवाळ्यात घेऊ नयेत. मेर ब्ल्यू या दलदलीतील सुमारे 1.2 किलोमीटरच्या लाकडी फेरीवर लोकांच्या वर्दळीने बर्फ दबून कडक होतो. तेथे उबदार बूट आणि त्यांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे पुरतात, आणि पाय घसरण्याचा धोका खरा असतो तो बर्फ वितळून पुन्हा गोठल्यानंतर. स्नोशू शरीराचे वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवतात, त्यामुळे त्यांचा उपयोग भुसभुशीत, गुडघाभर ताज्या बर्फातच कळतो. स्कीसाठी आखलेल्या दोन समांतर खाचांवरून मात्र बुटांनी किंवा स्नोशूंनीही चालू नये, कडेने जावे; खोल उमटलेली पावले गोठली की स्की करणाऱ्यांची वाट बिघडते, आणि त्यांचा राग अगदी रास्त असतो. अंगालगत सुती कपडा टाळावा, कारण तो घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि थांबताच हुडहुडी भरते. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, तेव्हा दुपारी निघणाऱ्यांनी डोक्याला बांधायचा दिवा जवळ ठेवावा. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते.