दाराच्या स्पीकरच्या वायरी: सोल्डर की क्रिंप?

प्रश्न (नवाजोड):
गाडीच्या चारही दारांत ४ ओहमचे स्पीकर बसवतोय, अ‍ॅम्प चॅनलला ५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी पॉवर). वायर १.५ चौ. मिमी, मल्टीस्ट्रँड (बारीक तारांची). एक टोक स्पीकरच्या टॅबला (मागच्या धातूच्या पट्टीला), दुसरं मूळ वायरिंगला. ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न आहे, क्रिंपिंगचा (वायरीवर धातूची टोपी दाबून जोड करण्याचा) प्लायर नाही. साध्या पकडीने लग, म्हणजे त्या टोप्या, दाबल्या तर चालतील, की सगळं सोल्डरच करू? सोल्डरने आवाज जास्त स्वच्छ येतो म्हणतात, ते खरं का?

चार_ओहम:
आवाजाचं आधी मिटवू. ४ ओहमवर ५० वॉट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. तुमच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला १२ मिलीओहमच्या आसपास. पाच मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन ०.१२ ओहम. नीट केलेला जोड, कुठल्याही पद्धतीचा असो, याच्यापुढे काहीच नाही. कानाला फरक कळणार नाही. प्रश्न आहे जोड टिकण्याचा.

दार आपटतं, थरथरतं, काचेच्या फटीतून आत पाणी उतरतं. सोल्डर वितळलं की बारीक तारांमधून ते आवरणाखाली काही मिमी ओढलं जातं आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. हा ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते नेमकं तिथेच वाकणं साचतं आणि तारा एकेक करून तुटतात. सोल्डरचा टाका शाबूत आणि शेजारी वायर तुटलेली, हे म्हणूनच दिसतं. स्पीकरच्या टोकाला क्रिंपच करा.

पण पकडीने नाही! पक्कड लग नुसता चपटा करते. आत पोकळी राहते, तारा एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, मग हवा-ओल शिरून तांबं काळं पडतं आणि स्पीकर खरखरायला लागतो. असा क्रिंप टाक्यापेक्षाही वाईट. रॅचेटवाला प्लायर घ्या, पूर्ण दाब बसेपर्यंत तो उघडतच नाही. प्लास्टिकच्या आवरणाचे लग आणि दोन पाकळ्यांचे उघडे लग यांचे जबडे वेगळे असतात, तेवढं बघून घ्या. लाल लग ०.५ ते १.५ चौ. मिमीला, निळा १.५ ते २.५ ला. तुमची वायर सीमेवर आहे, म्हणून ज्यात ती न कोंबता पण घट्ट जाते तो निवडा. वायर ६-७ मिमी सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका, दाबल्यावर जोरात ओढून बघा. हातात आला तर बरंच झालं, दारात सुटला नाही.

टॅबची रुंदीही मोजा. बऱ्याच स्पीकरवर प्लसचा टॅब रुंद (४.८ किंवा ६.३ मिमी) आणि मायनसचा २.८ मिमी असतो.

आणखी एक: वायरीला आधी सोल्डर पाजून मग क्रिंप करू नका. सोल्डर मऊ धातू आहे, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोड सैल पडतो.

तांबडी_तार:
दारापुरतं पटलं. पण मूळ वायरिंगकडचा जोड डॅशबोर्डमागे असेल, हलत नसेल, तर तिथे सोल्डर उत्तम आहे. अट एकच, जोडाच्या दोन्ही बाजूंना ३-५ सेंमीवर वायर बांधलेली हवी.

आधी हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी नळी) वायरीत ओवा, हे हमखास राहून जातं. मग दोन्ही टोकं एकमेकांभोवती पिळा. सोल्डर नसतानाही जोड ओढ सहन करेल इतकं घट्ट. ६०/४० चं (कथील-शिसं) रोझिन फ्लक्सवालं सोल्डर वापरा; फ्लक्स म्हणजे धातू साफ करून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स अजिबात नको, ते तांबं खात राहतं. आयर्नने वायर तापवा आणि सोल्डर वायरीला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. गार होईपर्यंत हलवू नका. टाका दाणेदार, गोळ्यासारखा दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा तापवा. प्लस आणि मायनसचे जोड ३-४ सेंमी मागेपुढे ठेवा.

स्पीकरच्या टॅबवर मात्र आयर्न टेकवू नका. कोनकडे (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याकडे) जाणारी लवचिक तार बहुधा त्याच टॅबवर टाकलेली असते, ती उष्णतेने सुटते. आणि दार व बॉडीमधल्या रबरी नळीत कुठलाच जोड नको, क्रिंपसुद्धा नाही. तिथून अखंड वायर न्या.

तुमच्या गाडीचा अ‍ॅडॅप्टर प्लग मिळत असेल तर मूळ वायर कापूच नका.

नवाजोड:
धन्यवाद, रॅचेटवाला प्लायर घेतो. एक शंका: वायर सोलल्यावर तारा आतून पांढरट दिसतात आणि सोल्डर धरत नाही.

चार_ओहम:
टोक ताजं कापून तारेचा छेद भिंगाने बघा. बाहेर पांढरी, आत लाल असेल तर कथलाचा मुलामा दिलेलं तांबं, म्हणजे उत्तम. बाहेर लाल, आत पांढरी असेल तर तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते दोनचारदा वाकवलं की तुटतं आणि त्याचा रेझिस्टन्सही दीडपटीच्या घरात जातो. दारासाठी ती वायर बाजूलाच ठेवा.

बसवल्यावर, अ‍ॅम्पला जोडण्याआधी, वायरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावा: ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ च्या दरम्यान दाखवतो. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांमध्ये तपासा, तिथे काहीही जोडलेलं दिसता कामा नये. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचा मायनस म्हणजे बॉडी नव्हे. चुकून टेकला तर आउटपुट जळू शकतो. शेवटी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. चारही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत, नाहीतर बेस गायब होतो.